भैरवपूरच्या मृत्यूदराची दुरुस्ती आणि उरलेल्या मालमत्तेची व्यवस्था

मी, यतीन त्र्यंबक खांबेटे, वय वर्षे ७४, निवृत्त डेटाबेस इंजिनिअर, राहणार पिस्कॅटवे, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. ती मुळात किती होती याबद्दल घरात दुमत असे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. होता तेव्हा मी तो मानला नाही, आणि त्याचाच खुलासा कलम चारमध्ये येईल. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. वकीलबाईंनी याचे इंग्रजी करून घ्यावे, पण करताना मला शहाणा करू नये.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझी मुलगी आश्लेषा, राहणार प्लेनो, टेक्सास, हिला मिळावी. व्यवस्था पाहणारीही तीच. मात्र घर विकायला काढण्यापूर्वी तिने कलम पाच पार पाडायचे आहे. तळघरातील तेवीस खोकी बघून तिने कपाळावर हात मारू नये. त्यात मेलेली माणसे आहेत, म्हणजे त्यांच्या नोंदी आहेत.

२. त्याचे असे की, दख्खनमधले भैरवपूर हे इंग्रजांच्या छावणीचे गाव. तिथल्या नगरपालिकेची १८७१ ते १८९६ ची मृत्यूनोंद मी फोटो काढून आणली आणि एकेक मयत संगणकात भरला. लोक निवृत्त होऊन गोल्फ खेळतात. मी पटकी, देवी, हगवण, जखमा आणि ताप असे रकाने भरत बसलो. कारकुनाला जे कळत नसे ते सगळे तो तापात घाली, त्यामुळे दोन तृतीयांश गाव तापाने गेले. भिंग आणि स्कॅनर माझी नात अनिका हिला द्यावा. “आजोबा, व्हाय इज एव्हरीवन फीवर?” असे या घरात विचारणारी ती एकटीच होती.

३. दारातला बर्फ उडवायचा स्नोब्लोअर शेजारी शैलेंद्र गोगटे यांना देऊ नये. अकरा हिवाळे त्यांचा त्यावर डोळा आहे. साक्षीदाराला काही न दिलेले बरे, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून मी मुद्दाम त्यांनाच साक्षीदार केले आहे. माझ्या अभ्यासाला ते ‘मढीमोजणी’ म्हणत, हेही मी विसरलेलो नाही.

४. आता मुख्य गोष्ट. भैरवपुरात पुरुषांचा मृत्यूदर हजारी अठ्ठावीस आणि बायकांचा बावीस निघाला. १८७० साली गावात नळ आले होते. मी निष्कर्ष काढला की नळामुळे बायकांची विहिरीची पायपीट आणि दूषित पाणी सुटले, म्हणून त्या जगल्या. २००८ साली इथल्या मराठी मंडळींच्या अधिवेशनात मी हे स्लाइडवर दाखवले, शाल-श्रीफळ मिळाले, इतिहासाच्या एका त्रैमासिकात लेख छापून आला. त्या आठवड्यात मी घरातही जरा छाती काढूनच फिरत होतो.

माझी पत्नी शैलजा पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता ती म्हणाली, “अहो, बाळंतपणाला आणि दुखण्याला बायका माहेरी जातात. तिथेच मेल्या असतील.”

मी म्हणालो, “हा संख्याशास्त्राचा विषय आहे.” ती बरं म्हणाली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. ही तीच बाई, जी आश्लेषाच्या वेळी वाईला माहेरी गेली होती, आणि मी मुंबईत नोकरी सांभाळत सहाव्या आठवड्यात मुलीचे तोंड पाहिले होते. एवढे घरात घडूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

वर्षभराने, तिला न सांगता, मी आसपासच्या अकरा गावांच्या नोंदी मिळवल्या. शेऱ्याच्या रकान्यात ‘सासर भैरवपूर’ लिहिलेल्या पाचशे एकेचाळीस बायका सापडल्या. त्या मिळवल्यावर हजारी बावीसचे एकोणतीस झाले. नळाने कोणालाही वाचवले नव्हते. मरायच्या बायका फक्त गावाबाहेर गेल्या होत्या. ती फाइल मी ‘जुने टॅक्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली, कारण तिथे कोणी फिरकत नाही. शाल परत करावी लागेल आणि शैलेंद्र हसेल, ही माझी भीती. एवढ्याशा भीतीवर मी सोळा वर्षे काढली.

२०१९ साली शैलजाला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. तिने एकच मागितले, “मला वाईला न्या.” मी नेले. तिच्या भावाच्या घरी तिला ठेवून दोन आठवड्यांसाठी न्यू जर्सीला परत आलो, कारण इथे आयसेलिनच्या हॉलमध्ये माझे भाषण ठरले होते. कॅन्सल करता आले असते. केले नाही. ती गेली हे सांगायला तिच्या भावाने फोन केला तेव्हा मी नळाची तीच खोटी स्लाइड दाखवत होतो आणि माझा फोन बंद होता. नळापूर्वी बायकांना विहिरीवर पायपीट करू देणाऱ्या भैरवपूरच्या नवऱ्यांना मी लेखात मोठ्या मनाने ‘उदासीन’ म्हटले आहे. मला त्याची लाज वाटते.

५. म्हणून आश्लेषाने ‘जुने टॅक्स’ उघडून त्यातील दुरुस्ती त्रैमासिकाकडे पाठवावी. लेखिका म्हणून शैलजा यतीन खांबेटे एवढेच नाव द्यावे; माझे नाव चूक करणारा म्हणून आत येतेच. ही अट ऐकून आश्लेषा फोनवर म्हणाली, “बाबा, ते मॅगझिन कोणी वाचत नाही. हे ऐकायला आई हवी होती.” तिच्या म्हणण्यात चूक काही नाही. तरीही पाठवावी. शाल अधिवेशनवाल्यांना परत द्यावी. तिच्यावर आमटीचा डाग आहे, तो माझा.

६. माझ्या मृत्यूचे कारण डॉक्टर लांबलचक लिहितील. भैरवपूरच्या कारकुनाने ताप लिहिले असते, शैलजाने हट्ट.

७. शैलजाचे इथल्या लायब्ररीचे कार्ड मी दरवर्षी रिन्यू करतो. ती गेली हे मी त्यांना कळवलेले नाही, आणि पिस्कॅटवेच्या मृत्यूनोंदीत ती नाही, कारण ती माहेरी गेली. मी गेल्यावर आश्लेषाने ते कार्ड बंद करावे. माझ्या संगणकात पिस्कॅटवे नावाचे एक कोरे पान आहे. त्यात माझी नोंद करताना मृत्यू एक धरू नये, दोन धरावेत. दुसऱ्या ओळीत लिहावे: शैलजा, वय ६४, मृत्यूचे ठिकाण वाई, राहणार इथली.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि या खेपेस आकडेही तपासले.

यतीन त्र्यंबक खांबेटे (सही)
पिस्कॅटवे, न्यू जर्सी, ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार: १. सीमा राजेश दामले (सही)
२. शैलेंद्र गोगटे (सही). सगळे वाचले. हसलो नाही.