ठोक्यानंतर पडणारा हात

तीर्थरूप रंगमामांना,

कीबोर्ड बाजूला सरकवून, दोन्ही हात मोकळे करून वर्षालीचा नमस्कार. इकडे चिखलीत आम्ही ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे आणि राग कसा आहे, दोन्ही कळवा. भजनी मंडळानं पेटीवर तुमच्या जागी रोहिदासला बसवलं आणि तेव्हापासून तुम्ही देवळाकडे फिरकला नाहीत, हे आईकडून कळलं. तुमचा हात टाळ पडून गेल्यावर पडतो, असं मंडळाचं म्हणणं. त्याबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. (लिहिणार आहे, पण आधी माझी गाऱ्हाणी.)

फोनवर तुम्ही विचारलंत की रेगे म्हणजे काय आणि त्यानं पोट भरतं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कृपया आईला विचारू नका. पहिल्याचं असं, की बाकीचे ठोका धरतात आणि मी दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेत बोट टेकवून लगेच उचलते. (ओसरीवर पेटी शिकवताना बोट उचलायला उशीर झाला की तुम्ही चापट मारायचात. आज बँडमध्ये माझं कौतुक होतं ते त्याच उचलण्याचं.) काही वर्षं मी अशा रिकाम्या जागा भरत हिंडले. रहाटणीच्या एका हॉटेलात तर गिऱ्हाइकानं मॅनेजरला बोलावून सांगितलं, की त्या ताईंना गाणं पाठ नाही वाटतं, मधूनच वाजवतात. आता मी स्वतःची पहिली रेकॉर्ड करतेय, म्हणून मला प्रोड्युसर म्हणतात. प्रोड्युसर म्हणजे, चूक कोणाचीही असो, जिला झोप लागत नाही ती.

आमचा स्टुडिओ म्हणजे इम्तियाजभाईंच्या वर्कशॉपशेजारचा गाळा. त्यांचं प्रेस मशीन दिवसभर पत्र्याला भोकं पाडतं. धप्प, मग एक बारीक किर्र, मग पुन्हा धप्प. त्या आवाजावर मी एक अख्खं गाणं बसवलं आणि मग काळजी लागली, की आवाज त्यांच्या मशीनचा, न विचारता घ्यायचा कसा? म्हणून विचारायला गेले. "तुमच्या मशीनच्या आवाजाबद्दल बोलायचं होतं," एवढंच म्हणाले, तर त्यांनी लगेच ऑपरेटरला खूण करून मशीन बंद करवलं, मला चहा दिला आणि माफी मागितली. (मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये, ही तुमचीच शिकवण. मी चहा पिऊन परत आले.) त्या दिवसापासून माझा कीबोर्ड वाजला की तिकडे मशीन थांबायचं आणि मी थांबले की सुरू व्हायचं. आमचा बास गिटारवाला नवनाथ चाकणला पहिली शिफ्ट करून येतो. तो म्हणाला, "राव, एवढी अदब आमच्या सुपरवायझरला असती, तर मी गिटार विकून टाकली असती."

शेवटी धीर करून इम्तियाजभाईंना सांगितलं, की मला मशीन चालूच हवंय. ते म्हणाले, "ताई, बंद करा म्हणणारे रोज येतात. चालू ठेवा म्हणतात ते फक्त ज्यांचा माल अडकलाय ते. तुमचा कुठला माल?" सगळं समजावल्यावर इतके खूश झाले, की रेकॉर्डिंगला इस्त्रीचा शर्ट घालून आले. आणि माझ्या गाण्यात उणं नको म्हणून त्यांनी आदल्या दिवशी मशीनला नखशिखांत ऑइलिंग केलं होतं. किर्र गेली. (सगळ्या गाण्यात सुरेल तीच होती.) मी "छान झालं" म्हणाले आणि घरी येऊन जेवले नाही.

आता त्या किर्रच्या जागी काही बसत नाही. कीबोर्ड लावून पाहिला. हार्मोनियम मागून आणली आणि मीच वाजवली. ती अगदी नेमकी जागेवर पडली, आणि तिथेच बिघडलं. ती जागा ठोक्यानंतर जरा रेंगाळून येणाऱ्या हाताची आहे, आणि ठरवून रेंगाळता येत नाही. हे गाणं अडलं की रेकॉर्ड अडली. रेकॉर्ड अडली, तर आईनं चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी माझं नाव सांगून ठेवलेलंच आहे. तिथे मात्र सगळं वेळेवर पडावं लागतं.

बाकी क्षेम. मामीला नमस्कार. तुम्ही काळजी करू नका, धावत यायची तर मुळीच गरज नाही.

तुमची,
वर्षाली

ता. क. : या. पेटी घेऊन या. गुरुवार सोडून कधीही चालेल, गुरुवारी इकडे कारखान्यांना सुट्टी असते आणि मशीन बंद असतं.

ता. क. २ : दया म्हणून बोलावतेय असं मनात आणू नका. तुमचं गोकुळाष्टमीचं भजन आईच्या फोनवर आहे. ते मी माझ्या गाण्याखाली लावून पाहिलं. मंडळाचं म्हणणं खरं आहे, मामा, तुमचा हात उशिराच पडतो. कृपा करून येईपर्यंत रियाज करून तो सुधारू नका.

ता. क. ३ : तुम्ही येणार हे मी इम्तियाजभाईंना सांगून बसले. पेटीला जरा ऑइलिंग करून देऊ का, असं फार प्रेमानं विचारत होते. आल्यावर काहीही झालं तरी पेटी हातातून सोडू नका.