लोरेनच्या घराची किंमत

४ मे १९८६, रविवार
मराठी मंडळाचं पॉटलक, प्रत्येकीने घरून एकेक पदार्थ आणलेला. पानात श्रीखंड, तोंडात घरांचे भाव. कुलकर्णीकाकांनी भाड्याने द्यायला दुसरं घर घेतलं. ते ऐकल्यापासून सुधीर गप्प. म्हणजे आता आपल्यालाही लागणार.

७ मे
लॅबमध्ये लोरेन ग्रीन रक्ताच्या नळ्या लावता लावता रडत होती. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर काम करतेय, तिला रडताना आज पहिल्यांदा पाहिलं. डेनीसला, तिच्या मुलीला, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. आमच्या शिल्पाच्याच वयाची. थोडी स्कॉलरशिप, बाकीचे पैसे मॉन्टक्लेअरच्या घरावर कर्ज काढून भरायचे ठरलं होतं. नवऱ्याच्या आजारपणातलं कर्ज त्या घरावर आधीचंच आहे. बँकेचा अप्रेझर, घराची किंमत ठरवणारा, येऊन गेला, बहात्तर हजार किंमत लावली. एवढ्या किमतीवर नवं कर्ज देत नाहीत. दोन गल्ल्या सोडून तसंच घर लाखाला गेलं म्हणे.
मी विचारलं, मग तुझं का नाही?
"बिकॉज वी लिव्ह इन इट, हनी."
एवढी शिकले आणि काळ्या माणसांच्या घराला भाव कमी का, हे विचारावं लागलं.

१५ मे
जेवणाच्या सुट्टीत लोरेन वडिलांबद्दल बोलली. लढाईवरून परत आले. बरोबरच्या गोऱ्यांना घरासाठी कर्ज मिळालं, यांना बँकेने दारातूनच वाटेला लावलं. मग एका दलालाकडून हप्त्याने घर घेतलं, दुप्पट भावात. एक हप्ता चुकला की घर गेलं, अशी अट. म्हाताऱ्याने चुकू दिला नाही. तेच हे लोरेनचं घर.
आणि आम्ही! सुधीर खिशात आठ डॉलर घेऊन आला, हे येईल त्या पाहुण्याला ऐकवतो. डिग्री सरकारी कॉलेजातली, जवळजवळ फुकटची, हे सांगायचं राहून जातं. शिल्पाची फी केव्हाच बाजूला काढून ठेवलीय.

२ जून
लोरेन घर विकणार. "बहिणीकडे राहीन, पण पोरगी जाईल," म्हणाली. माझं मन भरून आलं, घरी येऊन सुधीरला सांगितलं. त्याचे डोळे चमकले. "कितीला देतेय?"
जीभ झडली कशी नाही माझी.

८ जून
सुधीर घर बघून आला. सत्तरपासून सुरुवात, बहात्तरला ठरलं. "एजंटचं कमिशन वाचलं तिचं, मदतच झाली ना यार!" लोरेनने मला मिठी मारली. मी काय केलं होतं?
माझा पगार धरल्याशिवाय कर्ज बसत नाही, म्हणून दोघांच्या सह्या लागणार.

२६ जून
सुधीर जर्सी सिटीहून पेढे घेऊन आला. आमच्या बँकेचा अप्रेझर आज लोरेनच्या घरी गेला होता. तिला सुट्टी नव्हती, म्हणून किल्ली घेऊन सुधीर गेला, टाय लावून. त्या माणसाला वाटलं, हाच मालक. किंमत लावली एक्क्याण्णव हजार. तेच घर. मधल्या काळात रंगाचा हात नाही, खिळा ठोकला नाही. जाताना म्हणाला, "यू पीपल टेक गुड केअर ऑफ युअर हाउसेस." सुधीरने थँक यू म्हटलं! ती फरशी लोरेनने गुडघ्यावर बसून घासलेली.
शिल्पा म्हणाली, "बाबा, दॅट्स मिसेस ग्रीन्स मनी."
"मार्केट आहे बेटा. तुला नाही कळायचं."
पेढ्यांचा डबा तसाच पडलाय.

२७ जून
भांडण. मी म्हटलं, नव्वद दे तिला.
"धर्मादाय संस्था काढलीय का? मला कुणी दिलं?"
पार्सिपनीत आम्ही घर शोधत होतो, तेव्हा आमचा रंग बघून एजंटने दोनदा 'घर विकलं गेलं' असं खोटं सांगून परत पाठवलं होतं. गाडीत बसून दात-ओठ खात होता हाच. विसरला. मीही विसरलेच होते की.

३० जून
लोरेनला आकडा सांगितला. म्हटलं, मी सही करणार नाही. वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती खवळली.
"एक ऑगस्टला पैसे भरायचेत. गिऱ्हाईक कुठून आणू आता? तुला शांत झोप लागावी म्हणून माझ्या पोरीने घरी बसायचं?"
मग आवाज खाली आला. "आय न्यू, हनी. तुमचा आकडा जास्त येणार, हे मला माहीतच होतं."
माहीत असूनही गप्प राहिली. लाज वाटते, आणि त्या लाजेचा तिला काडीचा उपयोग नाही.

९ जुलै
उद्या कागद व्हायचे. सुधीरला शेवटचं म्हटलं, निदान ऐंशी. "एक डॉलर वाढवणार नाही. हवं तर डेनीसला छानसं घड्याळ देऊ."
देवापुढे बसले. काय मागायचं तेच कळेना. रडूही येत नाही.

१० जुलै
वकिलाच्या ऑफिसबाहेर, गाडीत. सुधीर पार्किंगच्या मीटरमध्ये नाणी टाकतोय. लोरेन आधीच आलीय, चर्चला घालते ती निळी टोपी घालून. डेनीसही आहे. एरवी आंटी म्हणते, आज मिसेस गोखले म्हणाली.
सही केली की ही पोर इंजिनिअर होईल. पण तिच्या मुलांना पणजोबांचं घर मिळणार नाही, ते शिल्पाच्या मुलांना मिळेल. नाही केली तर घर राहील आणि पोर घरी बसेल. नाहीतर दुसरा कुणी येऊन सत्तरला उचलेल. कुठूनही बघा, नुकसान तिचंच. आमचं कशातच नाही.
सुधीर काचेवर टकटक करतोय.
लोरेनने माझ्यासाठी ऑफिसचं दार उघडून धरलंय.