साहेबांचं पोट

४ फेब्रुवारी
साहेब पुन्हा ओकले! मान झटकून झटकून — पिंजऱ्याच्या गजांवर सगळा चिकटा. विष्ठेत दाणे जसेच्या तसे.

हे म्हणाले, "अगं, पोपट आहे तो. म्हातारा झालाय." झालाय तर झालाय! माझ्या बाबांचा पोपट आहे. बाबा गेले, पण हा अजून रोज सकाळी त्यांच्याच आवाजात विचारतो, "चहा टाकलास का गं?" हा गेला तर तो आवाजही गेला. मग मला घरात तसं कोण विचारणार?

५ फेब्रुवारी
आज चहाचं विचारलं नाही. नुसता पिसं फुगवून बसला.

६ फेब्रुवारी
पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मानेखालची अन्नाची पिशवी चाचपली, चोचीचा वास घेतला. "ह्याला कोणी आपल्या तोंडातलं भरवतं का?"

भरवते की! मी कौतुकानं सांगत सुटले. बाबा खुर्चीत बसून बिस्कीट चावून मऊ करायचे, ओठांत धरायचे, आणि साहेब खांद्यावरून वाकून अलगद उचलायचे. चुरा सांडला की आई ओरडायची — दोघंही ढिम्म! काय दिवस होते. बाबांमागे ते मी चालवलंय, साहेबांना पोरकं वाटू नये म्हणून.

"आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "आपल्या तोंडातले जंतू पाखरांना बाधतात. त्यानंच पोटात संसर्ग झालाय."

रस्ताभर रडत आले. लाड करून करून जिवावर उठले की मी!

८ फेब्रुवारी
औषध पाजताना कडकडून चावला. बरं वाटलं — अंगात जोर आहे म्हणजे!

आजारपणात बाबा फार आठवतात. त्यांची कधी कसली कुरकुर नाही. जेवण कमी झालं तेव्हाही हसून म्हणाले, "ह्या वयात एवढंच लागतं." आणि एका दुपारी गेले. पोटातला व्रण फुटला, असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला कुणाला कल्पनाच नव्हती. त्यांनाही नसावी.

११ फेब्रुवारी
दाणे खाल्ले आणि पचवलेही! पिंजऱ्यातला घाण कागद बघून मी टाळ्या पिटल्या. ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

१२ फेब्रुवारी
साहेब बोलले. मी औषध ढवळत होते, चमचा पेल्यावर वाजला, आणि बोलले. आवाज बाबांचाच — पण इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"आई गं... फार दुखतंय रे, साहेब. पोरीला सांगू नकोस."