तुझा वैद्य जिवंत आहे

दादा,

डब्यात मऊ खिचडी आहे. ताप आहे म्हणालास, म्हणून केली होती.

फासे टाकून गोष्ट पुढे न्यायच्या आपल्या खेळात जो येणार नाही त्याचं गोष्टीतलं पात्र बाकीच्यांनी सांभाळायचं, हा नेम. म्हणून तुझे फासे मी टाकले. गुहेत अस्वलानं तुझ्या वैद्याला धरलं, तेव्हा माझी धनुर्धारिणी पुढे झाली.

मेली. दोन वर्षं जपली होती तिला.

मग कैलास खेळायला उशिरा आला. म्हणाला, “ताप कायचा वं? रजत तं नालवाडीले दुसऱ्या ग्रुपसोबत खेळून राह्यला!”

खरं सांगितलं असतंस, तरी तुझे फासे टाकले असते.

वैद्याच्या नोंदींचा कागद डब्याखाली आहे. ही चिठ्ठी धनुर्धारिणीच्या कागदामागे लिहिली आहे. तो आता लागणार नाही.

मयुरी