फळली (कर्ता अध्याहृत)

१२ ऑक्टोबर २०१५
विहीर तळाला गेली. सकाळी खडा टाकून पाहिला; पाण्याचा नव्हे, चिखलाचा आवाज आला. पंचांगाच्या मते पावसाळा संपला. तो सुरू कधी झाला होता, याविषयी पंचांग मौन बाळगून आहे.
यापुढे टँकर चौथ्या दिवशी. चार पिंप पाणी. त्यात मी, स्वयंपाक, तगर गाय आणि परसातली लिंबोणी. पेरूची आठ झाडे, दोन सीताफळी आणि मोगरा आजपासून सोडून दिला. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या हात पुन्हा तिकडे वळणार नाही.

१९ ऑक्टोबर
गोठा सांभाळणाऱ्या भामाबाई तगरला दोन दिवसांसाठी आपल्या भावाच्या गावी घेऊन गेल्या. कारण विचारले, तर ‘जरा हिंडवून आणते.’ दुष्काळात गायीला हिंडवण्याचे प्रयोजन काय, असे मी म्हणालो. त्यांनी तोंडाला पदर लावला. त्यात हसण्यासारखे काय होते, ते कळले नाही.

२ नोव्हेंबर
मागच्या शेतात प्लॉट पाडले. फलक लागला — ‘किल्ल्याच्या पायथ्याशी निर्सगरम्य घरे’. रफार चुकीच्या अक्षरावर! खडू घेऊन गेलो व दुरुस्त केला. रखवालदार पाहत राहिला.
त्यांच्या कूपनलिकेला सहाशे फुटांवर पाणी लागले म्हणतात. आमच्या विहिरीचे पाणी कोठे गेले, हा प्रश्न आता व्याकरणाचा उरला नाही.

३ नोव्हेंबर
पावसाचा एक शिंतोडा. खडू पुसला गेला.

६ जानेवारी २०१६
नव्या वसाहतीतला कचरा वाऱ्याने कुंपणाला येऊन अडकतो. तगरच्या तोंडात आज प्लास्टिकची पिशवी होती. भामाबाईंनी हात घालून ओढून काढली व प्लॉटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वाक्ये अशुद्ध, परंतु ओघवती.
तगर अकरा वर्षांची झाली. मी शाळेतून निवृत्त होऊन शहरातले शहागंज सोडले, येथे दौलताबादेस दोन एकरांत आलो, तेव्हा भामाबाईंच्याच दावणीची कालवड आणली होती. अट अशी: राबणे त्यांचे, दूध माझे, आणि तगरला पहिली कालवड होईल ती भामाबाईंची. झाले ते तिन्ही गोऱ्हे. दोन वर्षे तर भाकडच आहे.
लिंबोणी त्याच वर्षीची. कालिंदीने, माझ्या पत्नीने, ती असताना लावलेली. तीही दोन वर्षे रिकामी. भामाबाई दोघींना ‘म्हातारी’च म्हणतात.

८ फेब्रुवारी
भामाबाई वाळूजला गेल्या. जावई तेथे कारखान्यात, लेकीचे पहिले बाळंतपण. तीन महिने येणार नाहीत.
मी लिंबोणीखाली वाफा उकरत होतो. जीप फाटकाशी थांबलेली, चालक भोंगा वाजवतो आहे, आणि या तेथूनच ओरडल्या — ‘फळली बरं का, गुरजी! आता पाण्याला कमी करू नका. जपा तिला.’
नेहमीप्रमाणे कर्ता गाळलेला. तो अध्याहृत धरून वर पाहिले. खरोखरच! आतल्या फांदीला हरभऱ्याएवढी चार लिंबे. बाईंची नजर तीक्ष्ण. ‘लिंबू’ नपुंसकलिंगी असले, तरी झाड ‘लिंबोणी’, स्त्रीलिंगी. म्हणून ‘फळली’ हे रूप अचूक. अकरा वर्षांत त्यांचे पहिले निर्दोष वाक्य.

२२ फेब्रुवारी
टँकर आता सहाव्या दिवशी. जुन्या मडक्याला तळाशी भोक पाडून चिंधीची वात घातली आणि ते लिंबोणीच्या मुळाशी पुरले. दोन घागरी रोज. त्या तगरच्या वाट्यातून काढाव्या लागल्या. ती पाण्याच्या रिकाम्या घमेल्याला शिंगाने ढकलते. ऐकू येते.

११ मार्च
भामाबाईंचा फोन. लेक बाळंत झाली, मुलगा. अभिनंदन केले. लगेच त्यांनी विचारले, म्हातारी कशी हाय. उत्तम आहे, पाण्याला कमी केलेले नाही आणि चारही टिकून आहेत, असे सांगितले.
‘चार?’ म्हणाल्या आणि बराच वेळ हसल्या. ‘चार कशी हुतील, गुरजी? एक झालं तरी लई झालं.’
मी चार प्रत्यक्ष मोजली आहेत. या वर्गाला आशावाद म्हणून नाही. पुढे काही बोलत होत्या, तोच फोन तुटला.

२९ मार्च
तगरचे पोट सुटले आहे. कडबा निम्म्यावर आणला, बरगड्या मोजता येतात, आणि पोट मात्र वाढते! म्हणजे आत प्लास्टिक. दुसरा अर्थ निघत नाही.

४ एप्रिल
हिशेब मांडून पाहिला. दोघींना पुरेल एवढे पाणी नाही. एक म्हातारी दोन वर्षे भाकड, पोटात पिशव्या. दुसरी फळलेली आणि जाताना जपायला सांगितलेली. निर्णय अवघड नाही.
अवघड नाही, असे लिहिले आहे.

९ एप्रिल
तगरला गोशाळेत दिले. शेजारच्या बद्रीनाथने टेम्पो आणला. शेत प्लॉटवाल्यांना देऊन त्याने हा टेम्पो घेतला आहे. त्याने गायीच्या पोटावरून हात फिरवला, तो तेथेच थोडा वेळ ठेवला, व विचारले, ‘गुरजी, नक्की द्यायची? म्या तर ठिवली असती.’
‘मी ठेवली असती,’ मी म्हणालो. ‘म्या नव्हे.’
तो वळून चढायचे फळकूट लावू लागला.
टेम्पोत चढताना ती अडली नाही. मागे वळून मात्र घमेल्याकडे पाहत होती.

१० एप्रिल
लिंबोणीला चार घागरी.

१४ मे
भामाबाई आल्या. डोक्यावर हिरव्या मक्याचा भारा, वाळूजहून एस.टी.त घालून आणलेला. लिंबोणीकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. सरळ गोठ्यात शिरल्या. मग दारात येऊन म्हणाल्या, ‘म्हातारी कुठंय, गुरजी?’
मी त्यांना लिंबोणीपाशी नेले. ‘ही काय. चारही आहेत.’
त्यांनी झाडाकडे पाहिले. मग माझ्याकडे.
‘गाय कुठंय?’
सांगितले. प्लास्टिकविषयीही सांगितले.
‘पलास्टिक नव्हं त्ये. वासरू हाय पोटात. तुमाला सांगून गेल्ते ना, फळली म्हणून?’
‘ते गायीविषयी होते?’
‘मग? झाड बी फळतं, गाय बी फळती. तुमच्या पुस्तकात नाय का?’
स्पष्ट का सांगितले नाही, असे विचारले. बाईमाणसानं गुरजीला ह्याहून उघड कसं सांगावं, म्हणाल्या. ऑक्टोबरात भावाच्या गावी नेली होती, ती वळू दाखवायला. हे आता मला समजले.
भारा रिकाम्या दावणीत टाकून त्या गेल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या, तर बरे झाले असते.

१५ मे
कोश काढला. फळणे. पहिला अर्थ, फळे येणे. दुसरा, सफल होणे. तिसरा — गाय, म्हैस इत्यादींनी गर्भ धरणे.
चाळीस वर्षे हा कोश माझ्या टेबलावर आहे. पुस्तकात आहे, हे सांगायला भामाबाईंकडे गेलो. दाराला कडी.

१७ मे
बद्रीनाथबरोबर गोशाळेत गेलो. नोंदवहीत माझ्याच शब्दांत — ‘पांढरी, काळ्या कानांची, भाकड.’ महिन्यापूर्वीच एका बाईंना सांभाळायला दिली. नाव ‘सरूबाई’, गाव ‘वाडी’. कोणती वाडी? लिहिणाऱ्याने पहिले पद गाळले आहे. त्याला बोलण्याचा अधिकार मला नाही.
परतताना बद्रीनाथला विचारले, तुला कळले होते, तर बोलला का नाहीस. म्हणाला, ‘बोलणारच हुतो. तुम्ही म्या-पाशी अडकलात.’

२ जून
आजवर सात वाड्या पालथ्या घातल्या. सरूबाई दोन भेटल्या. गाय एकीकडेही नाही. भामाबाई वेगळ्या हिंडतात. त्यांच्या कोणत्या वाड्या झाल्या, ते बद्रीनाथकडून कळते. माझ्याशी बोलत नाहीत. कालवड झाली असती, तर त्यांची होती. अकरा वर्षे वाट पाहिली त्यांनी.

२६ जून
तीन लिंबे गळली. एक उरले आहे. पाणी घालतो. लिंबोणीचा काय दोष? वाक्यात तिला मीच घुसडले.

२१ जुलै
लिंबू पिवळे झाले. तोडले.
भामाबाई फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत. कन्नड तालुक्यातल्या एका वाडीत काळ्या कानांची गाय पाहिल्याचे भावाने कळवले आहे, तिकडे जाते, म्हणाल्या. दिवस भरत आले आहेत, हे बोटांवर मोजून दाखवले. मी येतो म्हणालो. ‘तुम्ही ऱ्हाऊ द्या.’
लिंबू पुढे केले. क्षणभर त्यांनी ते तळहातावर ठेवून पाहिले, मग पदराच्या टोकात बांधले.

२८ जुलै
भामाबाईंचा फोन, कोणा दुसऱ्याच्या फोनवरून. आवाज तुटत होता. एकच शब्द धड ऐकू आला — ‘व्याली.’
मी कर्ता विचारला नाही.