औषधाची खिडकी बंद असताना

६ डिसेंबर १९७३, गुरुवार
मालतीला जाऊन चार महिने झाले. आज प्रथमच कमिटीच्या धर्मादाय दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाबू दोन तासांत साठ माणसं तपासतात, चिठ्ठ्या लिहून देतात. लोक सवयीने औषधाच्या खिडकीपाशी येतात, बंद बघतात आणि बाजारातल्या दुकानाकडे वळतात. तिथे पैसे पडतात, त्यामुळे काही जण नुसतेच घरी जात असावेत. रजिस्टर्ड फार्मसिस्ट मालती एकटीच होती. डॉक्टरांनी आपल्या रोग्यांना स्वतः औषध द्यायला हरकत नाही, पण त्यांना दोनच हात.
कमिटीचे सेक्रेटरी बापट म्हणाले, "अहो जोगळेकर, शेफाली आहे की! सहा वर्षं वहिनींच्या हाताखाली होती. बसू दे तिला. वहिनींचं सर्टिफिकेट भिंतीवर आहेच."
मी सर्टिफिकेट खिळ्यावरून काढलं आणि पिशवीत घातलं.
बापट : "झालं! तोंडाने नाही म्हणायचं, तर हाताने म्हणाले."

९ डिसेंबर, रविवार
शेफाली घरी आली. जुलैत तिचा एकच पेपर राहिला, कायद्याचा. फॉरेन्सिक फार्मसी. बाकी सगळ्यात चांगली पास. त्या आठवड्यात ती मालतीच्या उशाशी इस्पितळात बसून होती. मी घरी जा म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.
परत परीक्षा मार्चमध्ये. पास झाली की नाव रजिस्टरवर येईल आणि खिडकी उघडेल. नाही झाली तर कमिटी ती खोली शिवणवर्गाला देणार, असं बापटांनी सांगून ठेवलं आहे.
मी म्हटलं, रोज सात ते आठ ये, मी अभ्यास घेतो.
"आपण घेणार, मेशोमशाई?" जरा हसली. मालती तिची माशीमा, बंगालीत मावशी, म्हणून मी मेशोमशाई. मग म्हणाली, "येईन."

११ डिसेंबर, मंगळवार
ट्रंकेतून मालतीची वही काढली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती कंपाउंडरचा कोर्स करत होती, तेव्हाची. काळं कापडी पुठ्ठ्याचं बाइंडिंग. सव्वीस वर्षं घरात होती, मी कधी उघडली नाही. तिचं काम, तिची वही.
आज चिठ्ठीवरच्या खुणा घेतल्या. डॉक्टर लॅटिनमधलं आद्याक्षर लिहितात, देणाऱ्याने त्याचा अर्थ लावायचा. मालतीने प्रत्येकापुढे अर्थ लिहून लक्षात ठेवायची युक्ती लिहिली आहे.
ए. सी. — जेवणाआधी. ह्यांची चिडचिड.
पी. सी. — जेवणानंतर. ह्यांची सुपारी.
एस. ओ. एस. — गरज पडली तरच. ह्यांचं बोलणं.
मी फक्त अर्थ वाचत होतो. पण शेफालीला मालतीने मराठी वाचायला शिकवलं आहे हे लक्षात नव्हतं. माझ्या खांद्यावरून बघून तोंडाला पदर लावून हसत होती.

१७ डिसें.
मापं. साठ मिनिमांचा एक ड्रॅम, आठ ड्रॅमांचा एक औंस. शे. ला सगळं पाठ. मा. च्या वहीत मापाच्या पेल्याचं चित्र आहे, सुरेख. ती चित्र काढत असे हे मला नवीनच.
शे. ने नव्या गुळाचे संदेश, इथली छेन्याची मिठाई, आणले होते. दोन खाल्ले. बऱ्याच दिवसांनी गोड गोड लागलं.

२ जाने. १९७४
आज डोसाच्या पट्ट्या. मिक्श्चरची बाटली दिली की बाहेरून कागदाची पट्टी चिकटवतात, कडेला खाचा, एक खाच म्हणजे एक डोस. कागदाची घडी घालून कोपरा कापायचा. मा. संध्याकाळी इथेच खुर्चीत बसून पन्नास पन्नास कापायची आणि मी पेपर वाचायचो. कात्रीचा आवाज ओळखीचा. आज मी कापल्या, पहिल्या चार फुकट गेल्या. शे. म्हणाली, "ह्या बाटलीतलं औषध घेणारा सोमवारी एक चमचा घेईल आणि मंगळवारी तीन."
सकाळचा हा एक तास बरा जातो. बरा म्हणजे खरोखर चांगला. नोंद म्हणून लिहितो.

१४ जाने.
संक्रांत. शे. ला तिळगूळ दिला. बापट भेटले. "काय मास्तर, विद्यार्थिनी कशी आहे?" म्हटलं, हुशार आहे. "कायदा किती झाला?"
कायदा अजून काढलेला नाही. वहीत कायदा शेवटी आहे. वही क्रमाने चालली आहे.

२८ जाने., सोमवार
आज सरस्वतीपूजा. इथे पुस्तकं, पेन देवीपुढे ठेवतात आणि दिवसभर कोणी अक्षर वाचत नाही. शे. ने वही पूजेला मागितली होती. दोन बस बदलून बेहाल्याला तिच्या घरी गेलो, वही धुवट पंच्यात गुंडाळून. शे. पिवळ्या साडीत. तिच्या आईने वही सगळ्यांच्या वर ठेवली आणि नमस्कार केला.
खाली एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. सहज उचललं. पहिल्या पानावर शे. चं नाव, दोन वर्षांपूर्वीची तारीख. पानापानाला पेन्सिलीच्या खुणा. मापं सगळी ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये. प्रस्तावनेतच लिहिलं आहे, जुनी मापं आता वापरात नाहीत.
"ओ मा! आज बोई खुलते नेई!" तिची आई ओरडली. आज पुस्तक उघडायचं नसतं. मी झटकन मिटून ठेवलं. सगळे हसले, मीही हसलो. खिचडी, बेगुनी म्हणजे वांग्याची भजी, बोरांची चटणी. चांगलं जेवलो.
बसमध्ये विचार करत बसलो. मंडईत मी किती वर्षं ग्रॅमने भाजी घेतो. तरी वहीत ड्रॅम होते म्हणून ड्रॅम विचारत राहिलो. परीक्षेत ड्रॅम नाहीत. खुणांचा पेपर ती कधीच पास झाली आहे. राहिला आहे तो कायदा. सात आठवडे ती रोज बेहाल्याहून येऊन, जे येतंय तेच म्हणून दाखवत होती.

३० जाने.
दोन दिवस काही बोललो नाही. आज ती आल्यावर म्हटलं, उद्या येताना तुझं कायद्याचं पुस्तक आण.
तिने विचारलं, "कधी कळलं?"
"पूजेच्या दिवशी."
"मग परवाच का नाही बोललात?"
"तू डिसेंबरपासून का नाही बोललीस?"
म्हणाली, "आपण माशीमाची वही वाचत होता. मी कशी थांबवू?"
चहा निवला. परत केला. मी म्हटलं, सहा आठवडे उरलेत. वही आता रविवारी. रविवारी फक्त.

५ फेब्रु.
कायदा वाचून बघितला. ही मुलगी का अडकते ते पहिल्या पानावरच कळलं. एक वाक्य अर्धं पान. पण हे माझंच काम. ऑफिसात एकतीस वर्षं मी नियमच वाचले.
तिला सांगितलं, वाक्य सगळं एकदम गिळू नकोस. आधी बघ कोणाला सांगितलंय. मग काय करायचं. मग कधी. 'परंतु' आलं की तिथे काडी मार, पुढे अपवाद आहे. 'शॅल' म्हणजे केलंच पाहिजे, 'मे' म्हणजे करता येईल.
तिने तीन नियम तोडून दाखवले. तिसरा माझ्यापेक्षा स्वच्छ.
"हे कॉलेजात कुणी असं सांगितलंच नाही, मेशोमशाई."
आज संध्याकाळी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१९ फेब्रु.
चिठ्ठीचा नियम. लेखी हवी. डॉक्टरची सही, तारीख. रोग्याचं नाव, पत्ता. एकूण औषध किती, डोस किती. एकदा दिलेलं औषध त्याच चिठ्ठीवर परत द्यायचं नाही, डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल तरच. एका औषधाऐवजी दुसरं द्यायचं नाही, भले तेच काम करो.
मी रोगी झालो. म्हटलं, ताई, जुनी चिठ्ठी आहे, झोपेच्या गोळ्या द्या.
"मिळणार नाहीत. डॉक्टरांना भेटा."
"अहो मी ओळखीचा, शेजारचा."
"ओळख चहाला, काकासाहेब. गोळीला चिठ्ठी."
हे मा. चंच वाक्य, असं नंतर म्हणाली. मी कधी ऐकलं नव्हतं. ती खिडकीत बसून असं बोलायची तर.

३ मार्च, रविवार
वहीचा दिवस. शे. ला म्हटलं आज नको, मागचे पेपर सोडव. ती म्हणाली, अर्धा तास वही, मग पेपर. अर्धा तास वाचली. मलमं. 'खलात घोटताना हात एकाच दिशेने. घाई नको. ह्यांना जेवायला उशीर झाला तरी चालेल.' चालत असे का? मला आठवतं ते मी कुरकुरायचो.

१४ मार्च, गुरुवार
पेपर. मी बाहेर पायरीवर बसून होतो. तीन तास. दही आणलं होतं, निघताना खायचं असतं, पण ती आधीच आत गेली होती, मग मीच खाल्लं.
बाहेर आली ती हसत. "सगळं लिहिलं. एकही सोडला नाही." वाटेत शिंगाडे घेतले, म्हणजे इथले समोसे. तिने तीन खाल्ले.

१५ मार्च
प्रश्नपत्रिका घेऊन पुस्तक काढून बसलो. चौथा प्रश्न : चिठ्ठीवरचं औषध दिल्यावर देणाऱ्याने काय करायचं. काल ती म्हणाली होती, तारखेचा शिक्का चिठ्ठीच्या मागे मारायचा असं लिहिलंय. नियम तसा नाही. देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख डॉक्टरांच्या सहीच्या वर लिहायची.
मागे शिक्का मा. मारायची. डॉक्टरबाबूंचं अक्षर एवढं मोठं की पुढे जागाच उरत नसे.
हा जास्त मार्कांचा प्रश्न आहे, आणि बाकीच्यांतही दोन उत्तरं काठावर.

१७ मार्च, रविवार
ती आली. सांगावं की नाही ह्यात सकाळ गेली होती. मग जानेवारी आठवला. सांगून टाकलं.
"ठाऊक आहे," म्हणाली. "हॉलमधून बाहेर आल्या आल्या, पायरीवर यायच्या आधीच पुस्तकात बघितलं."
"मग समोसे तीन?"
"वाईट बातमीला भूक लागते." मग म्हणाली, "पेपरात नियम आठवत होता, मेशोमशाई. दोन्ही आठवत होतं. हात माशीमाकडे गेला."
मार्क जुळवून बघितले. दोनदा केले. एकदा पास, एकदा तीन मार्कांनी नापास.

३१ मार्च
कमिटीची मीटिंग. बापटांनी शिवणवर्गाचा विषय काढला. मशीन आणायची, दोन बायका तयार आहेत. मी उभा राहिलो. आजवर ह्या मीटिंगमध्ये मी फक्त 'अनुमोदन' एवढंच बोललो आहे. म्हटलं, निकाल जूनमध्ये. तोवर खोली राहू द्या.
बापट : "आणि नापास झाली तर?"
म्हटलं, नियम तिला येतात. एका जागी सवयीने चुकली, आणि ती सवय आपल्याच दवाखान्याची आहे.
डॉक्टरबाबू म्हणाले, माझं अक्षर मी लहान करीन. सगळे हसले. जूनपर्यंत खोली राहिली.

२१ एप्रिल, रविवार
ऊन फार. शे. ने औषधखोली उघडून झाडली. आत जायला बंदी नाही, औषध द्यायला आहे. फळीवर रिकाम्या बाटल्या, सगळ्यांवर काळा थर. अंगणातल्या नळाखाली दोघांनी घासल्या, ती आतून ब्रशाने, मी बाहेरून. बापट दारातून म्हणाले, "निकाल लागला की काय?" नाही म्हटलं. "मग हे कशाला?" आम्ही घासत राहिलो. ते धोतर वर धरून आत आले आणि बुचं वेगळी करायला बसले.
दुपारपर्यंत सगळ्या फळीवर पालथ्या घातल्या.
शे. म्हणाली, "जूनपर्यंत परत धूळ बसेल."
म्हटलं, बसेल. परत धुवू.