कीपचे नातेवाईक

ट्रान्झिट कॅम्प, वाकोला
रविवार, १२ जानेवारी २०२५

शकुआत्या, जय भीम.

आणि ते कीपचं सांगायचं राहिलंच ना! तू विचारलेलंस, "काय गं श्रुतिका, हा कीप किती घरी कामाला जातो?" एअरपोर्टवर लादी पुसता पुसता बोर्डांवरचे शब्द तू पाठ करून आणायचीस. कीप लेफ्ट, कीप शट, कीप क्लीन. मी ठोकून दिलेलं, कीप म्हणजे ठेवणे. तू म्हणालीस, "सगळीकडे ठेवणेच? मग तुझ्या शाळेत शिकवतात तरी काय?"

आता उत्तर सापडलंय, पण तू फोन कट करतेस. म्हणून लिहितेय. चेतनाताईंच्या हातात देणार आहे, एका खोलीत राहता तर त्या तुला वाचायला लावतीलच. माझ्या मराठीची वाट लागलेली आहे, हसू नकोस. मम्मी बरी आहे. पप्पा बरे आहेत, म्हणजे असं तेच म्हणतात. तुझा खोकला कसाय? चेतनाताई म्हणाल्या, तिथल्या, माहुलच्या त्या रिफायनरीच्या वासाने तू जिना चढताना तीनदा थांबतेस.

तर कीप. एसवायला आहे ना मी आता, आमच्या लायब्ररीत शब्दांच्या मुळांची एक जाडजूड डिक्शनरी आहे. झकास आहे यार! प्रत्येक शब्दाचं खानदान दिलेलं. ड्रिंक घे, सिंग घे, जर्मनमध्ये, डचमध्ये त्यांची चुलत भावंडं बसलेली आहेत. आणि कीपपुढे काय? मूळ माहीत नाही. हजार वर्षांपूर्वी इंग्लिशमध्ये दिसतो, पण आजूबाजूच्या भाषांत त्याचं नक्की असं कोणीच सापडत नाही. लेक्चरला मॅडम "अननोन" म्हणून पुढे गेल्या. मी तिथेच अडकले.

आणि ठेवणं हा त्याचा पहिला अर्थच नाही! आधी होतं धरणं, शोधात असणं, कोणाकडे तरी लक्ष लावून असणं. मग काळजी घेणं, राखण करणं. किल्ल्याचा सगळ्यात मजबूत भाग, आपला बालेकिल्ला, त्यालाही कीप म्हणतात. स्वतःजवळ ठेवून घेणं हे नंतरचं. मग मला क्लिक झालं, कीपची जोडी ठेवणंशी नाहीच, पाळणंशी आहे. शब्द पाळतात, कोंबड्या पाळतात, पाळत ठेवतात. इंग्लिशमध्ये या सगळ्याला कीपच! मी लायब्ररीतच टेबलावर हात आपटला. सर म्हणाले, कीप क्वाएट.

मग सांगायला कोणी नव्हतं. मम्मी म्हणाली, "बरं." पप्पा म्हणाले, "मार्क मिळतात का याचे?" हे ऐकून "अजून एक सांग" म्हणणारी एकच बाई आहे, ती माहुलला.

आत्या, मी उगाच लांबण लावतेय. मला दुसरंच सांगायचंय.

आपली खोली तोडायच्या आधी बिल्डरच्या ऑफिसचे अंबादास कागद घेऊन आलेले, आठवतं? मी दहावीला होते. घरात कुठलाही इंग्लिश कागद आला, लाइट बिलापासून हॉस्पिटलच्या रिपोर्टपर्यंत, की तो माझ्यासमोर. मी सहावीत असल्यापासूनच. पप्पा त्या दिवशी शिफ्टला गेलेले. तू शेजारच्या विमलाकाकूंना मुद्दाम बोलावलंस, "बघा, आमची पोरगी कशी फाडफाड वाचते." मी पहिलं पान वाचलं. मोठ्याने, स्टाइल मारत. तू विचारलंस, "यात माझं नाव कुठंय?" मी बोट ठेवलं, हे काय, शकुंतला काशीराम. तू खूश झालीस.

दुसऱ्या पानावरचं मला काहीच कळलं नाही. एक एक वाक्य आठ आठ ओळींचं. विमलाकाकू बघत होत्या, तू बघत होतीस. मला नाही कळत, हे म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, "पुढे सगळं सेमच आहे, कर सही."

सेम नव्हतं. तू तुझा हक्क सोडतेस, घर एकट्या पप्पांच्या, कुंडलिकच्या नावावर होऊ दे, असं होतं त्यात.

गेल्या वर्षी नवीन घरांची लिस्ट लागली आणि तुझं नाव नव्हतं, तेव्हा तू पप्पांना म्हणालीस, "सख्ख्या बहिणीला फसवलंस." ते म्हणाले, "सही तुझीच आहे ना? श्रुतिकाकडून वाचून घेतलीस ना?" त्यांना वाटत होतं तू समजून उमजून सही केलीस आणि आता फिरलीस. तुला वाटलं त्यांनी डाव टाकला. मी हातात चहाचे कप घेऊन दोघांच्या मधे उभी होते. एक वाक्य बोलले असते तर तू पिशवी भरली नसतीस. नाही बोलले. तू जिना उतरेपर्यंत सुद्धा वेळ होता माझ्याकडे.

परवा पप्पा नवीन घर बघायला गेले. चौथा मजला. हॉलच्या खिडकीपाशी उभे राहून मम्मीला म्हणाले, "शकुचा पलंग इथे, तिला हवा लागते." मग त्यांनी खिडकी दोनदा उघडून बंद करून बघितली.

कॉलेजमधल्या एका वकील मॅडमना मी तो कागद दाखवला. त्या म्हणाल्या, भाऊ तयार असेल तर नाव घालायचा रस्ता बघता येईल, पण आधी दोघांनी समोरासमोर बसायला हवं. पप्पा तयार होतील, माझी खात्री आहे. पण आधी त्यांना खरं कळायला हवं ना, आणि ते अजून मी सांगितलेलं नाही. रोज जेवताना ठरवते, आणि भात संपतो.

पुढच्या रविवारी अकरा वाजता चावी मिळणार आहे. मी त्याआधी सांगितलं तर ते तडक माहुलला येतील, पण तुझ्या दारात उभं राहून त्यांना बोलता येणार नाही, तू ओळखतेसच. तू इकडे आलीस, तर मी तुमच्या दोघांसमोर सांगेन. मग ऐकताना त्यांचा चेहरा तुला बघता येईल, त्यांना खरंच माहीत नव्हतं हे तुझं तुलाच दिसेल. माझ्यावर नंतर कितीही चिडा, दोघं मिळून चिडा.

मी त्यांना लगेच सांगू, की तू येईपर्यंत थांबू? तुला काय वाटतं, आत्या?

तुझ्या भावाची मुलगी,
श्रुतिका